रात्रीचा नळ

ओलिएनात आजोबा मेंढ्यांची वाटणी करायचे
कानांवरच्या खाचा बोटांनी चाचपून,
डोळे गेल्यावरसुद्धा.
ही गाव्हीनोची, ही तुझ्या आईची.
भांडण नाही, कागद नाही.

आमची वाटणी मात्र कुणी पाहिलीच नाही.
सहाव्या गुणसूत्रावर कुठंतरी
बाबांकडची एक, आईकडची एक,
मला दोन्ही खाचा आल्या,
आणि अकराव्या वर्षी, द्राक्षांच्या तोडणीत,
मी टोपलीशेजारीच आडवी झाले.

तेव्हापासून घरात तराजू आहे.
पापडासारखी कारासाऊ रोटी
आई ग्रॅमवर तोलते
आणि तोलताना म्हणते,
आमच्या घरात हे कुणालाच नव्हतं.

कुणालाच?
आजोबांनी मग, एकदाच, झिझूचं नाव काढलं.
त्यांच्या बापाचा धाकटा भाऊ. वय नऊ.
रात्री उठून चौकातल्या हौदाला तोंड लावायचा,
भिंतीशी लघवी केली की मुंग्यांची रांग.
दृष्ट लागली म्हणाले.
पेल्यात गव्हाचे दाणे टाकून
कुण्या म्हातारीनं काहीबाही पुटपुटलं.
सुगीपर्यंत त्याच्या कमरेची दोरी
दोनदा गुंडाळावी लागे.
सुगीनंतर लागली नाही.
चर्चच्या वहीत कारण आहे: ताप.

परवा आंतियोकोचं रक्त काढलं.
माझा भाऊ, सात वर्षांचा, भुवया थेट माझ्या.
डॉक्टर पिरास म्हणाल्या,
भावंडांत शंभरातल्या पाच-सहांना होतो.
हुबेहूब जुळ्यांतसुद्धा
एकाला झाला तरी दुसरा पुष्कळदा सुटतो.
आजोबांना हे लगेच कळलं:
खाच आहे म्हणून मेंढी कापलीच जाते असं थोडंय!
बाबा काही बोलले नाहीत.
खिडकीशी उभे राहून
स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले,
जणू तिथूनच काही सांडलं होतं.

पत्र आलं. चारपैकी एक प्रतिपिंड.
एक म्हणजे किती?
एक म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा या.

जुलै चालू आहे. समुद्रापलीकडून
वाळूचा वारा येतो, अख्खं गाव तहानलेलं.
रात्री स्वयंपाकघरातला नळ सुटतो.
मी अंधारात पडून घोट मोजते.
सात. आठ.
उकाडा आहे, कुणीही पिईल.
नऊ.

नळ बंद होतो.
अनवाणी पावलं माझ्या दाराशी थांबतात.
जागी आहेस?
नाही, मी म्हणते.