दगडातली ओल

आमच्याकडे, ओझार्कच्या टेकड्यांत,
ओढा आटला की चकमकीचा दगड उघडा पडतो.
राखाडी, आडमुठा.
शिंगाच्या हातोडीने ठोकला
तर टवका उडत नाही, आपलंच मनगट झिणझिणतं.

वडील त्याच्या तळहाताएवढ्या चकत्या काढत,
आठवडाभर स्टोव्हमागच्या फळीवर मांडून ठेवत.
मग परसात खड्डा, खड्ड्यात वाळू,
वाळूत चकत्या, एकीला दुसरी लागू न देता,
वर पुन्हा चार बोटं वाळू
आणि त्यावर ओकच्या लाकडांचा जाळ, अगदी बेताचा.
"आधी त्याचं पाणी जाऊ दे," म्हणत.
दगडाला पाझर फुटायला
म्हणे बारा तास मंद आच लागते.
दगडात कसलं पाणी, मी विचारलं नाही.
त्या वर्षी आम्ही एकमेकांना फारसं काही विचारत नव्हतो.
आई टल्साला ऑडीमावशीकडे गेली होती.
किती दिवसांसाठी, तेही नाही.

मी अकराचा. दुसऱ्या रात्री
ते बूट न काढताच खुर्चीत झोपले.
वर नुसती राख होती.
मला फक्त रंग बघायचा होता:
राखाडीचा गुलाबी होतो म्हणाले होते,
मांजराच्या जिभेसारखा.
फावड्याने वाळू सारली.
ऑक्टोबरची हवा आत शिरली.

टक्.
मग जरा थांबून, टक्, टक्,
अंधारात कुणी माझ्या नावाने
बोटं मोडत असल्यासारखं.

सकाळी त्यांनी एकेक चकती उचलून
नखाने वाजवली.
नीट भाजलेला दगड चिनी मातीच्या बशीसारखा वाजतो.
या फुटक्या मडक्यासारख्या बोलल्या.
कुणाकुणाच्या पाठीवरून नाण्याएवढी गोल खपली उडालेली.
सोळांतली एक वाचली.
त्यांनी फावड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"अजून दोन दिवस हवे होते रे, वेंडेल."
एवढंच.

त्या एकीच्या कडेला शिंगाचं टोक टेकवून
त्यांनी नुसतं दाबलं,
आणि टवका सुटला, लांब, पातळ,
सायीत नख फिरवावं तसा.
आतला भाग ओला असल्यासारखा चमकत होता,
पाणी तर सगळं गेलेलं.
"आता धार धरेल," म्हणाले. "पण हातातून पडू देऊ नकोस.
पूर्वी तो पडला तरी चालायचं."

आता माझी विजेची भट्टी आहे,
तापमानाचा काटा, बंद होण्याची वेळ, सगळं आहे.
तरी काटा शून्याशी आल्यावरही
मी एक रात्र झाकणाला हात लावत नाही.
बायको हसते. हसू दे.

आई कधी आली, आली का, ते इथे नको.

बाकीच्या पंधरा चकत्या त्यांनी
पंपाजवळ चिखल व्हायचा तिथे पसरल्या.
अजून आहेत.
कुणी बादली सांडली की गुलाबी दिसतात,
आणि अनवाणी गेलं
तर कापतात.