साडेसत्तावीस

ट्रेव्हरने धनुष्य काउंटरवर ठेवलं
आणि म्हणाला, साठचं पन्नास करून द्या. माझ्यासाठी.
बाप दाराशीच उभा. कांगास, लाकडाच्या गिरणीतला.
उजवा हात जॅकेटच्या खिशात,
जणू तिथे काही जपून आणलंय.

सप्टेंबर सरत आलेला. बरागाच्या खाडीवरचं वारं
आता दार ढकलून आत येतं, विचारत नाही.
हंगामाला नऊ दिवस.

कंपाउंड धनुष्याचं एक बरं असतं,
त्याचा हट्ट बोल्टात असतो.
वरचा अर्धा फेरा, खालचा अर्धा फेरा,
पुन्हा वरचा. एकाला झुकतं माप दिलं
की दुसरा सूड बाणावर काढतो.
काट्याला टांगलं: सत्तावन्न. त्रेपन्न. पन्नास.
दोन्ही कॅमवरच्या माझ्या चंदेरी खुणा
एकाच क्षणी दोरीला शिवल्या.

मग मी म्हटलं, पोरा, तुझे हात लांब आहेत,
ओढ वाढवून देऊ? तुला तीस इंच तरी लागेल.
नको, तो घाईने म्हणाला. साडेसत्तावीसच राहू दे.
बापाने भिंतीवरच्या पिसांच्या पाकिटाची किंमत
वाचायला घेतली.
फार वेळ वाचली.

मी काही बोलले नाही.
पावतीवर लिहिलं, ट्रेव्हर.

बाण जुनेच होते, चारशेचे.
आकडा म्हणजे वाकणं, हे नवख्याला पटत नाही.
काडी दोन टेकूंवर आडवी ठेवायची,
मधोमध दोन पाउंडांना जरा कमी वजन अडकवायचं.
जितकी झुकेल तितका आकडा मोठा.
ताठ्याचा आकडा लहान.
साठच्या धक्क्याला हे बाण बेताने लवायचे,
मासळीसारखे अंग हलवत, मग सरळ.
पन्नासचा धक्का त्यांना धक्काच वाटत नाही.
मोडेन पण वाकणार नाही म्हणत
डावीकडे निघून जातात.

चौकटीत कागद ताणला. सहा फुटांवरून
पोराने मारला, कोपर दुमडून, मान आखडून,
दुसऱ्याच्या सदऱ्यात शिरल्यासारखा.
कागद उजवीकडे फाटला.
पुढचा डावीकडे. तिसरा वर.
कागद खोटं बोलत नाही, पण हे बोलणं
बाणाबद्दलचं नव्हतंच.

कांगास, मी म्हटलं, माझ्या डोळ्यांचा
हल्ली भरवसा नाही. तुम्ही एक मारून बघता?
डोळे माझे ठणठणीत आहेत.

खिशातून हात निघाला.
खांदा वर जाताना मध्येच अडला, थरथरला.
ट्रेव्हर पाठ करून स्टोव्हमध्ये लाकडं सारू लागला.
स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.
मग कॅम वळले, भार उतरला,
पन्नासातले दहाच पाउंड मनगटावर राहिले
आणि तो तिथे थांबला.
गरजेपेक्षा जास्त थांबला.

चारशेचा बाण: उजवीकडे फाट, पाऊण इंच, आडवी.
दुसऱ्यांदा तीच. तिसऱ्यांदा तीच.
आता कागद बाणाबद्दल बोलत होता.
चाचणीसाठी ठेवलेला पाचशेचा काढून दिला.

टप्.

एक गोल भोक, भोवती पिसांच्या तीन चिरा.
बापाने वाकून त्यातून पलीकडे बघितलं.
पोराला आवडेल, लोर्ना, तो म्हणाला.
हो ना, पोरगा म्हणाला, अगदी माझ्या मापाचं.

पाचशेचे सहा बाण. पैसे बापाने दिले, डाव्या हाताने.
एक नोट दुसरीला चिकटली होती, सुटेना.
आम्ही दोघं खिडकीतून
त्यांच्या गाडीचा टायर बघत राहिलो.
टायर चांगला होता.

ते गेल्यावर मी कागद बदलला नाही.
दुपारी दोन गिऱ्हाइकं आली,
त्यांना सांगितलं, चौकट बिघडली आहे,
उद्या या.