मागचा पंख, दोन घरं खाली

खलील मुकादम रात्रपाळीला, मी दिवसपाळीला.
सोहारच्या या खोलीत खाटा दोन,
पण एका वेळी माणूस एकच असतो,
आणि दुसऱ्याची उशी, अजून कोमट.

मधे इस्त्रीचं टेबल. त्याला करकचून आवळलेलं स्टिअरिंग,
चाळीस रियालला घेतलेलं, एका फिलिपिनो फोरमनकडून.
जाताना म्हणाला होता, डावीकडे जरा ओढतं.
ओढतंच.

शेजारी शंभर पानी वही.
आमचं बोलणं सगळं तिच्यात:

"सातव्या वळणाला शेपूट सुटते. मागचा पंख
दोन घरं खाली केला होतास, परत वर घेतला.
१:४३.९. डाळ फ्रिजात आहे. ख."

मी कामावर दाबमापकं जुळवतो.
प्लांटभर बावीसशे तबकड्या,
प्रत्येकीचा काटा थोडं खोटं बोलतो,
किती खोटं, ते लिहून ठेवायचा मला पगार आहे.
म्हणून टायरमधली हवा माझ्याकडे.
पुढे एकवीस, मागे साडेवीस;
त्या अर्ध्या पौंडावर मी एक अख्खा आठवडा घालवलाय,
आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

खलील बंदरात क्रेन चालवतो. त्याला वजन कळतं.
ब्रेक दाबल्यावर गाडीचं ओझं नाकावर कसं येतं,
वळणात कुठल्या खांद्यावर कलतं,
हे तो श्रीवर्धनच्या होडीबद्दल लिहावं तसं लिहितो:
"मागची स्प्रिंग मऊ कर. तिला आधी बसू दे, मग वळव.
घाई केलीस तर कलंडणारच, तिचा काय दोष?"

बाहेर रात्री दहालाही छत्तीस अंश.
पडद्यावर देवदारांचा घाट, थंड निळी सावली,
आणि एसीचा आवाज
चौथ्या गिअरशी बरोब्बर जुळतो.
तिसरा टाकला की एसी एकटाच ओरडत राहतो.

ऑक्टोबरात वादळाचा इशारा आला.
बंदर बंद, प्लांट बंद. पाच वर्षांत पहिल्यांदा
दोन्ही खाटा भरलेल्या.
मी म्हटलं, चालव ना.
तो म्हणाला, नाही, तू चालव.
मी चालवली, तो मागे उभा,
आणि तिसऱ्या वळणालाच भिंतीत घातली.
मग त्यानं चालवली. तीच भिंत.
मग त्यानं चहा केला. साखर किती, विचारलं.
दोन चमचे, मी सांगितलं.
तो म्हणाला, दोन?
नंतर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.
टीव्हीवर आमची गाडी गॅरेजात गोल फिरत राहिली,
चकचकीत, कुठे एक ओरखडा नाही.
वादळ समुद्रातच वळलं.
आमच्यापेक्षा बरं वळलं.

तिसऱ्या दिवशी पाळ्या सुरू.
संध्याकाळी आलो, बूट काढले, वही उघडली.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक:

"डिफरन्शियल पंचावन्नवर आणलं, वळणातून निघताना आता बरी.
पुढच्या चाकांचा कल तुझाच बरोबर होता, मी उगाच भांडलो.
परवा तू समोर होतास, तेव्हा जमलं नाही सांगायला.
सकीनाचं ठरलं. मुलगा म्हसळ्याचा, बोटीवर असतो.
डिसेंबरात जातोय. बहुतेक परत यायचा नाही.
स्टिअरिंग तुला. डावीकडे ओढतं, तुला माहीतच आहे.
१:४२.७."

दोनदा वाचलं.
पेन सापडलं, त्याचं टोपण चावत बसलो.
काही लिहायचं तर आधी चालवून बघायचं,
असा आमचा नियम. अकरा लॅप मारले.
मग खाली लिहिलं:

"पंचावन्न जास्त होतं. बावन्न ठेवलंय.
सकीनाला माझा आशीर्वाद सांग.
चहात साखर दोनच घेतो, लक्षात ठेव.
डिसेंबरला अजून दहा आठवडे आहेत.
मागचा पंख एक घर खाली करून बघ."