शेजारची कातडी

फोडातून नाही,
फोडाच्या शेजारून घेतला डॉक्टरबाईंनी तुकडा,
जिथं काहीच झालेलं नव्हतं.
मी म्हटलं, अहो, खाज इथं आहे.
त्या म्हणाल्या, इथला पुरावा
तुम्हीच नखांनी खरवडून टाकलाय.

दोन हिवाळे खाजवत होते मी.
कोपरं, गुडघे, बसायची जागा, केसांची कड.
आधी खरूज ठरली. मग नवा साबण.
मग एका कोवळ्या डॉक्टरनं नजर चुकवत विचारलं,
घरी सगळं ठीक ना?
घरी सगळं ठीक होतं.
घरी भट्टी होती.

राउमातली दिवाबत्ती वगळता
पहाटे तीनला ऑर्वोच तेवढा जागा असतो.
रायचं आंबवण, चार पिढ्यांचं,
कधीच न धुतलेल्या लाकडी बादलीत.
लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी फडकं उचलून दाखवलं होतं,
बाळंतघरात बाळ दाखवावं तसं.
सातला तो परततो,
भुवयांत पीठ, कानाच्या पाळीत पीठ, दाढीत तर कणगीच,
आणि मी झोपेत असतानाच मुका घेतो.
सव्वीस वर्षं.

गहू, राय, जव, बाईंनी तीन बोटं दुमडली.
ओट चालेल, पण वेगळ्या गिरणीचं.
आयोडीनच्या मिठाला सध्या जरा बेतानं.
आणि एक गोळी दिली. खाज चार दिवसांत बसली.
महारोगावरही हीच देतात, त्या सहज बोलून गेल्या,
आणि बसमध्ये मी हातमोजे काढलेच नाहीत.
गोळी धूर विझवते, म्हणाल्या,
निखारा ताटात आहे.

ताट सोपं होतं. ताट समोर असतं.
पण मी भिंग घेऊन न्हाणीघराच्या फरशीवर बसले,
तर बाटल्यांच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
गहू लॅटिन नाव घेऊन राहत होता.
शाम्पूत. हातांच्या मलमात.
कातडीतून आत जात नाही, बाईंनी सांगितलं होतं,
पण ओठांवरचं पोटातच जातं.
म्हणजे लिपस्टिक हेही जेवणच,
दिवसभर चाललेलं, बारीक बारीक घासांचं.
वाइनच्या रंगाची ती कांडी
हेल्कानं स्टॉकहोमच्या बोटीवरून आणली होती.
फेकवेना. मोज्यांच्या खणात आहे अजून.

रात्री ऑर्वोला यादी वाचून दाखवली.
पाव. बिअर. सॉस. सुपातलं दाटपण. लिपस्टिक.
शेवटी म्हटलं, आणि तू.
तो हसला.
मग हसायचा थांबला.
दुसऱ्या दिवशी उणे चौदात ओसरीवर
अंगावरचं सगळं उतरवून ठेवलं त्यानं,
आणि न्हाऊन आत आला
एक अनोळखी हनुवटी घेऊन.
तिथं खळी होती. मला माहीतच नव्हतं.

वासाचं पथ्य नाही ना,
हे मी बाईंना दोनदा विचारून घेतलं.

दीड वर्षानं हेल्काकडे साउनात गेले.
सगळ्या बायका, सगळी अंगं, वाफ.
तिनं माझी कोपरं पाहिली,
फिकट ठिपके, वितळत्या बर्फाखाली राहिलेले.
दुखतं का? नाही.
दगडांवर पाणी टाकलं तिनं. बस्स, इतकंच.

मग बाहेर येऊन खायला बसलो.
तिनं माझ्यासाठी वेगळा पाव आणला होता,
वेगळी ताटली, वेगळी फळी.
लोणी तेवढं एकच.
लोण्यात सुरीमागे राहिलेला काळा कण मला दिसला.
ती इतकी खूश होती.
मी खाल्लं.

किती दिवसांनी ते विचारू नका, कोपरांना कळलंच.
पहाटे पावणेतीनला ऑर्वोनं दिवा लावला,
काही विचारलं नाही.
माझा हात मांडीवर घेतला
आणि एकेक नख कापलं, मुळाशी,
अंगठा सर्वांत शेवटी.
तुकडे ओंजळीत गोळा केले,
टोपी घातली,
आणि पिठात हात घालायला निघाला.