तिकिटाएवढी फट

खाजाभाईनं सायकल घोडीवर लावली,
पायडल हातानं फिरवलं. सर्रर्र.
आवाज नाही.
"काय बी नाई बगा, बाई."
मी म्हटलं, मानवतच्या वेशीपासून शाळेपर्यंत
नऊशे सत्तर वेळा वाजली ही.
मोजलंय मी.
तो हसला नाही. म्हणाला,
"घोडीवरची सायकल खोटं बोलती.
बसा वर."

मग भर बाजारात
जिनिंगकडं निघालेल्या कापसाच्या गाड्यांच्या कडेनं
पदर खोचून मी सीटवर,
त्याचा पोरगा अर्शद कॅरिअर धरून मागं,
आणि खाजाभाई कमरेत वाकून चालतोय बाजूनं,
कान क्रँकपाशी.
पाय दाबला.
खट्.

उजवा क्रँक मागच्या चिमट्याला घासत होता,
दर फेऱ्याला एकदा.
काळ्या रंगाखालचं लोखंड नखाएवढं उघडं.
एक्सल परवाच बदललेला; जुना झिजून डुगडुगायचा.
नवा घट्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही,
फक्त क्रँकला जायला वाट ठेवली नाही त्यानं.

शेजारचे डबेवाले सोनाजी उठून आले.
"हाना चिमट्याला एक टोला.
खड्डा पडला की झालं काम."
खाजाभाईनं हातोडी उचलली
आणि कॉटर पिनीवर मारली.
"ज्याचा कसूर नाई, त्याला कामून मारायचं?"

डावा कप सुटला.
छर्रे रॉकेलच्या बशीत पडले, अकरा.
भंगाराच्या डब्यातून जुना एक्सल निघाला,
पोत्यावर दोघं शेजारी निजवले.
नवा आखूड, ज्वारीच्या दाण्याइतका.
वर पोरानं तो उलटा बसवलेला,
लांब बाजू डावीकडं, जिथं चेनच नाही.
अर्शदनं माझ्याकडं पाहिलं नाही.
चौथीला माझ्याच वर्गात होता;
वजाबाकीत तेव्हाही
वरची संख्या खाली लिहायचा.

एक्सल फिरवून घातला. फट आली,
पण डोळा बारीक केला तरच दिसेल अशी.
"चढाला पुन्हा घासंल," खाजाभाई म्हणाला,
आणि उजव्या कपाला पाना लावायला सांगितलं.
अर्शद पान्याला लोंबकळला. कप हलेना.
"अरे उल्टे आटे हैं इधर, उल्टे!
आवळतो तसं फिरव, मंग खुलंल."
हे वाक्य मी हजेरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.
कशासाठी, माहीत नाही.

कपाखाली एक पातळ वायसर गेला,
कानशीनं घासून अंगाबरोबर केलेला.
पुन्हा ग्रीस, पुन्हा छर्रे, अकरा नि अकरा,
पुन्हा पिनी.
मग त्यानं खिशातून एसटीचं तिकीट काढलं,
पाथरी ते मानवत, फुल एक,
दोनदा दुमडलं
आणि क्रँक नि चिमट्याच्या मधून ओढलं.
आलं.

"आता बसा."
बसले. दाबलं. काही नाही.
अजून दाबलं.

"पण डाव्या अंगाला ध्यान ठेवा," तो म्हणाला,
"इकडं जेवढी सरकली तेवढी तिकडची फट कमी झाली.
आन् ह्यो कप आता दोन आटे कमी धरतो.
जागा फुकट निघत नाई, बाई."

हातचा, मी तोंडातल्या तोंडात म्हटलं.
सव्वीस वर्षं फळ्यावर हेच,
शेजारच्याकडून घ्यायचा
आणि घेतलाय हे विसरायचं नाही.

वायसरचे पाच रुपये घेतले त्यानं.
मजुरी अर्शदच्या नावावर मांडली.

परतीला कालव्याच्या पुलाचा चढ,
जिथं ती सगळ्यात जास्त वाजायची.
उभं राहून पायडल मारलं.
आवाज नाही. वारा, आणि दूर कुठं तरी
पाण्याची मोटार.
पूल उतरले तेव्हा लक्षात आलं,
ओठ हलतायत माझे:
चारशे बारा,
चारशे तेरा.