खुलासा

मा. व्यवस्थापक साहेब,
टॉवेल विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर.

आपली नोटीस सोमवारी मिळाली, दोन वाजून दहा मिनिटांनी.
कागद पातळ आहे, मागचा शिक्का पुढून दिसतो.
मुद्दे पाच आहेत. मी तिसऱ्यापासून सुरू करते,
कारण पहिला वाचताना कॉम्प्रेसर चालू होता.

तिसरा : वरिष्ठांच्या डोळ्यांत पाहून बोलत नाही.
खरं आहे.
डोळे फार हलतात, साहेब.
टॉवेल हलत नाही.
मी त्याच्याकडे पाहते तेव्हा तुटलेला उभा धागा
आपणहून बोटाखाली येतो,
सुटलेला फासा, मोहरीएवढा तेलाचा डाग,
किनारीत एक ओळ कमी.
सहा वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेली एकही पेटी
परदेशातून परत आली नाही.
हे नोटिशीत नाही. सहावा मुद्दा करता आला असता.

दुसरा : केक कापताना निघून गेली.
फुगा फुटणार हे सगळ्यांना माहीत होतं,
कधी, ते कोणालाच नाही.
मी जिन्यात बसून टाळ्या संपायची वाट पाहिली.
दुसऱ्या दिवशी बोल्ली मॅडमना शेंगाचटणीची पुडी दिली.
त्यांनी घेतली.

चौथा : कामाच्या वेळी कानात कापूस घालते.
नान्ना एकतीस वर्षं मागावर होते.
आता अम्मा जेवायला हाक मारते
आणि ते ओठ बघून ओळखतात, भाकरी की भात.
त्यांचे कान गेले तेव्हा मागाला कोणी नोटीस दिली नाही.
माझे कान आहेत. जरा जास्तच आहेत.
ट्यूबलाइट जायच्या आठवडाभर आधी मला ऐकू येते.
कापूस आपल्याच गोदामातला आहे, एवढं कबूल करते.

पाचवा : वागणूक संस्थेच्या वातावरणास अनुरूप नाही.
इथलं वातावरण मे महिन्यात चव्वेचाळीस अंश असतं.
मैमुनाला विचारलं. ती म्हणाली,
हा टोमणा नाही, टोमण्याचा चुलतभाऊ आहे.
मी लिहिते : समजला नाही.

मैमुना नदाफ, फोल्डिंग. नाव घालू का विचारलं, घाल म्हणाली.
तिनंच माझं टेबल उत्तरेच्या खिडकीकडे फिरवलं होतं.
भोंगा व्हायच्या आधी ती टेबलावर दोन बोटं टेकवते.
आवाज न करता.
तोंडी सांगितलेल्या पाच कामांतली माझ्याजवळ दोन उरतात,
म्हणून पुठ्ठ्यावर खडूनं लिहून देते.
तिचा ळ दरवेळी चुकतो.
मी दुरुस्त करत नाही.

आता पहिला. आजार लपवला.
सहा वर्षं मी तिरसट होते, आखडू होते,
'आपली गुंडेटी म्हणजे जरा हीच' होते,
पगार मात्र चेकरचा होता.
मार्चमध्ये सिव्हिलच्या डॉक्टरांनी त्या सगळ्याला मिळून
एक शब्द दिला. आजार नव्हे, असंही सांगितलं.
कागद मी त्याच दिवशी ऑफिसात दिला, पोच घेतली.
एप्रिलपासून मी पॅकिंगला हेल्पर,
कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून,
अकराशे पन्नास रुपये कमी.
लपवला असता तर अजून चेकर असते.
हे टोचून लिहिलेलं नाही. हिशोबच तसा येतो.

विनंती : खिडकी. लेखी सूचना.
चार महिन्यांचे चार हजार सहाशे.

ता. क.
काल पॅकिंगला आलेल्या पेटीत तीन टॉवेल खराब होते,
वर पास झाल्याचा शिक्का.
सांगणं आता माझ्या कामात बसत नाही.
तरी बाजूला काढलेत, कॉम्प्रेसरमागे, डावीकडे.
दोन लगेच दिसतील.
तिसऱ्यावर हात फिरवावा लागेल, सावकाश,
किनारीकडून आत.

राजमणी गुंडेटी
(नोटिशीत गुंडेट्टी पडलंय.)