सही जुळत नाही

ग्रिम्सबीच्या धक्क्यामागे, जिथे हॅडॉकची कातडी सोलतात,
तिथे एकवीस वर्षं माझं हातावर पोट होतं.
अगदी शब्दशः हातावर.
ह्या, उजव्या,
आता टेबलावर कुणीतरी विसरून गेलेल्या
हातमोज्यासारख्या पडलेल्या.

यंत्राचा गार्ड तीन आठवडे सुतळीने बांधलेला होता.
सगळ्यांना ठाऊक होतं.
सुतळी मीच नेली होती घरून,
टोमॅटोच्या वेलांना बांधतो त्यातली, हिरवी.
(हे मी चौकशीत सांगितलं. सांगायला नको होतं म्हणे.)

आजारपणाच्या पगाराचा पहिला अर्ज
मी डाव्या हाताने भरला.
नाव, पत्ता, कामगार क्रमांक,
अपघाताची वेळ: सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.
एका पानाला पाऊण तास लागला.
अक्षरं पगाराच्या रात्रीच्या खलाशांसारखी
रेघेवरून घसरत, एकमेकांना धरत
कशीबशी तळाशी पोचली.
तिथे सही: जॅनिस ऑल्डरिज.

अकरा दिवसांनी अर्ज परत. सोबत चिठ्ठी:
आमच्या नोंदीतल्या सहीशी ही सही जुळत नाही.
कृपया नेहमीप्रमाणे सही करून पाठवावी.

नेहमीप्रमाणे.
तो शब्द मी बराच वेळ वाचत बसले.
मग केटल भरली. निम्मं पाणी ओट्यावर.

फोन केला. पगार खात्यातली मुलगी गोड बोलते,
तिचा बिचारीचा काय दोष,
म्हणते सुपरवायझरना विचारा.
सुपरवायझर पर्डन कानांवर हात ठेवतो.
त्याचे दोन्ही चालतात.

युनियनची बर्निस म्हणाली, तारखा लिही, पावत्या ठेव,
तोंडी काही बोलू नकोस.
म्हणून लिहीत गेले.
कंपनीला, डॉक्टरला, घरमालकाला,
पुन्हा कंपनीला.
गॅसचं मीटर शून्यावर यायच्या आत एखादं पत्र,
अंगावर कोट घालून.
डावा हात हळूहळू शिकला.
फेब्रुवारीपर्यंत ओळी सरळ आल्या,
पूर्णविराम जागेवर बसायला लागले,
आणि मला वाटू लागलं, ही कुणी दुसरीच बाई आहे,
माझ्यापेक्षा नेटकी,
जरा जास्त चिडकी.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने दोन कागद
शेजारी शेजारी धरले.
हा पहिला अर्ज. हे परवाचं पत्र.
पाहा, केवढी सुधारणा! हात उत्तम चालतो आहे,
मग पगार कशाचा?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात,
मी तर नुसतं अक्षर दाखवलं होतं.

न्यायाधीण बाईंनी चष्मा काढला.
म्हणाल्या, इथे सही करा. केली.
म्हणाल्या, आता दुसऱ्या हाताने.
पेन बोटांत ठेवलं, ते राहिलं नाही,
टेबलावरून गडगडत खाली गेलं
आणि वकिलानेच वाकून उचलून मला दिलं.
सवयीने. आईने शिकवलं असणार.
मग तोही लाल झाला, आणि कुणीच काही बोललं नाही.

पैसे आले. चौदा आठवड्यांचे,
वजा तीन दिवस.
पहिले तीन दिवस नियमात बसत नाहीत.

पहिल्या दिवशी नर्सने अंगठी कापून काढली,
आणि ती कशात ठेवू, असं विचारत राहिली.
दुसऱ्या दिवशी सेड्रिकने माझ्या शर्टाची बटणं लावली,
सगळी एकेक काज चुकवून,
आणि मी तशीच दिवसभर वावरले.
तिसऱ्या दिवशी झोपेत मी मासे सोलत होते,
जागी झाले तेव्हा हात सोलत नव्हता.

खरं आजारपण तेवढंच.
बाकी सगळा पत्रव्यवहार.

बर्निस म्हणते, मिळालं ते घे, सोडून दे आता.
सेड्रिक चहा ठेवतो, काही म्हणत नाही.
मी कोरा कागद ओढते,
डाव्या कोपराने दाबून धरते.

महोदय,
त्या तीन दिवसांबद्दल.